उपदेशकाला माइंड मॅप विकणाऱ्यांना उत्तर

उपदेशाच्या तयारीसाठी कुठलं माइंड मॅप सॉफ्टवेअर घ्यावं, असं तरुण पाळक हल्ली एकमेकांना विचारतात, आणि त्यांना मिळणारी उत्तरं बहुतेक एकाच साच्यातली असतात. अमक्यात चित्रं भरपूर, तमक्यात फांद्यांना रंग आपोआप येतो, तिसऱ्याचा नकाशा थेट प्रोजेक्टरवर लावता येतो. शिबिरांत शिकवणारे त्याच्याही पुढे जातात. मेंदू मुळात फांद्याफांद्यांनीच विचार करतो, म्हणून उपदेशही फांद्यांनीच मांडावा, आणि ओळीखाली ओळ लिहिणं ही शाळेने लावलेली खोड आहे, असं ते ठासून सांगतात. यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट मला खोडून काढायची आहे. माइंड मॅपशी माझं वैर नाही; शास्त्राभ्यासाला मी तो वापरतो आणि वापरत राहीन. पण ज्या कारणांनी तो आपल्या गळ्यात घातला जातो ती कारणं खरी नाहीत, आणि खोट्या कारणावरून हत्यार निवडलं की हत्यारही चुकीचंच घरी येतं.

या दाव्यांचं घराणं टोनी बुझान या इंग्रज लेखकापर्यंत पोहोचतं. १९७४ मध्ये बीबीसीवर त्याची ‘यूज युवर हेड’ ही मालिका आली, त्याच नावाचं पुस्तक निघालं, आणि पुढे आयुष्यभर त्याने हाच माल देशोदेशी नेला. नियमही त्याचेच: मधोमध चित्र, त्यातून निघणाऱ्या वळणदार फांद्या, किमान तीन रंग, आणि एका फांदीवर एकच शब्द. तो शिक्षक म्हणून चांगला असेलही. विक्रेता म्हणून अव्वल होता यात शंका नाही. ‘माइंड मॅप’ या नावावर त्याने ट्रेडमार्कचा हक्क सांगितला आणि २००६ मध्ये स्वतःचं सॉफ्टवेअरही बाजारात आणलं. मेंदूविषयी तो जे सांगायचा ते मात्र त्या काळात हवेत असलेल्या डाव्या-उजव्या मेंदूच्या गप्पांवर उभं होतं. त्या गप्पांचं मूळ रॉजर स्पेरीच्या संशोधनात आहे. स्पेरीला १९८१ चं नोबेल मिळालं, पण त्याने तपासलेले रुग्ण फेफऱ्याचे होते आणि उपचार म्हणून त्यांच्या मेंदूचे दोन अर्धगोल जोडणारा पट्टा कापलेला होता. तुमचा-माझा पट्टा शाबूत आहे. आपले दोन्ही अर्धगोल अखंड एकमेकांशी देवाणघेवाण करत असतात, आणि हातात हिरवं स्केचपेन घेतल्याने त्यातला एखादा झोपेतून दचकून उठत नाही.

राहिला प्रयोगांचा पुरावा. तो थोडा बाजूने आहे, थोडा विरोधात, आणि विक्रेते त्यातलं सोयीचं तेवढं उचलतात. २००२ मध्ये फॅरंड आणि सहकाऱ्यांनी लंडनच्या पन्नास वैद्यकीय विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. माइंड मॅप शिकवलेल्या गटाला आठवड्यानंतर मजकूर काहीसा जास्त आठवला. हे शिबिरात सांगतात. मॅप काढणाऱ्या या गटाचा उत्साह आपापल्या पद्धतीने अभ्यास करणाऱ्या गटापेक्षा कमी होता, हेही त्याच निबंधात आहे. ते सांगत नाहीत. त्याहून महत्त्वाचा निबंध २०११ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. पर्ड्यू विद्यापीठातल्या कार्पिक आणि ब्लंट यांनी एका गटाला पुस्तक समोर ठेवून संकल्पनांचा नकाशा काढायला लावला. दुसऱ्याला वाचून झाल्यावर पुस्तक मिटून आठवेल ते लिहायला सांगितलं. आठवड्यानंतर दुसरा गट पुढे. गंमत म्हणजे शेवटची परीक्षा नकाशा काढण्याचीच ठेवली, तरीही तोच पुढे. पुढे २०१४ मध्ये त्याच दोघांनी दाखवलं की पुस्तक मिटून, आठवणीतून काढलेला नकाशा आठवून लिहिण्याइतकाच उपयोगी पडतो.

म्हणजे फायदा आहे तो आठवण्याच्या कष्टात. फांदीच्या वळणात नाही, रंगातही नाही. उपदेशकाला यातून एक साधा नेम मिळतो: उतारा दोनतीनदा वाचा, पवित्र शास्त्र मिटा, आणि मग नकाशा काढा. कुठे अडलो ते त्यात लगेच उघडं पडतं, आणि जिथे अडलो तिथेच बहुधा उताऱ्याचं मर्म असतं. या नेमाला कुठलंही सॉफ्टवेअर चालतं, पाठकोऱ्या कागदाचा तुकडासुद्धा. म्हणूनच तो कुणी विकत नाही.

आता नवेपणाचा दावा. उपदेश असा पसरून मांडायची कल्पना एकविसाव्या शतकाची आहे असा समज करून दिला जातो. ती चारशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचा पुरेसा अनुभव घेऊन झालेला आहे. पेत्रुस रामुस हा फ्रेंच तर्कशास्त्री १५७२ मध्ये पॅरिसच्या सेंट बार्थोलोम्यू कत्तलीत मारला गेला. त्याची ओळख म्हणजे कंसांचे तक्ते: एका कडेला विषय, त्याचे दोन भाग, प्रत्येकाचे पुन्हा दोन, असं पान भरेपर्यंत. हे तक्ते केंब्रिजच्या प्युरिटनांनी डोक्यावर घेतले. त्यांच्यातला विल्यम पर्किन्स याने १५९२ मध्ये उपदेश कसा तयार करावा याचं लॅटिन पुस्तक लिहिलं आणि पिढ्यान् पिढ्या उपदेशकांनी ते वापरलं. त्याआधीच त्याने तारणाच्या क्रमाचा एक मोठा तक्ता छापला होता. देवापासून निघून एक वाट तारणाकडे जाते, दुसरी नाशाकडे, मध्ये गोल आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ही डोळ्यांनी शिकायची प्रश्नोत्तरी होईल, अशी त्याची अपेक्षा होती. वाचता न येणाऱ्यांसाठी शब्दांनी गच्च भरलेला तक्ता! आजच्या प्रोजेक्टरवाल्यांचा पूर्वज मला इथे स्पष्ट दिसतो.

वॉल्टर ऑन्ग या जेझुइट धर्मगुरूने १९५८ मध्ये रामुसवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्याचा आरोप थोडक्यात असा की रामुसने बोलणं कानावरून उचललं आणि डोळ्यांपुढे ठेवलं. दोन माणसांमध्ये घडणारं ज्ञान त्याच्या हाती पानावरच्या जागांची वाटणी होऊन बसलं. हा आरोप आपल्याला परका नाही. १८१३ मध्ये मुंबईत उतरलेले अमेरिकन मिशनरी न्यू इंग्लंडच्या मंडळ्यांतून आले होते, म्हणजे पर्किन्सच्याच वंशातले. सिद्धान्त, त्याची कारणं, मग जीवनाला लावणूक, आणि सगळं तीन मुद्द्यांत, ही आपल्या मराठी व्यासपीठांची घडण त्याच वाटेने आली असावी असं मला वाटतं. श्रोते घरी जाताना मुद्दे विसरतात आणि मध्येच सांगितलेली गोष्ट तेवढी लक्षात ठेवतात, हा अनुभवही त्याच घडणीबरोबर आला.

पण अहमदनगर भागात (आताच्या अहिल्यानगरात) एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन रुजलं हे विसरून चालणार नाही. कीर्तनकाराला ठाऊक असतं की ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. म्हणून पूर्वरंगात एक पद धरायचं, निरूपण करत करत पुन्हा पुन्हा त्याच पदावर यायचं, उत्तररंगात आख्यान लावायचं आणि शेवटी तेच पद असं म्हणायचं की आता त्याचा अर्थ पालटलेला असतो. ही रचना काळात उलगडते. तिचं चित्र काढलं तर फार तर एक रेघ येईल, वरचेवर स्वतःला भेटून जाणारी. मधोमध गोल आणि चहूकडे फांद्या अशा आकृतीत ‘आधी’ आणि ‘नंतर’ यांना जागाच नाही. घड्याळाच्या काट्याप्रमाणे वाचा, असं सॉफ्टवेअरच्या मदतीत लिहिलेलं असतं; पण तो वाचणाऱ्याला दिलेला सल्ला झाला, आकृतीचा गुण नव्हे.

अमेरिकेतही हे ओळखणारे होते. फ्रेड क्रॅडॉकने १९७१ मध्ये तीन मुद्द्यांच्या उपदेशावर हल्ला चढवला: निष्कर्ष आधी सांगून मग त्याचे तुकडे वाटण्यात श्रोत्याला करायला काही उरतच नाही. युजीन लोरीने १९८० मध्ये उपदेशाला कथानकासारखं पाहायला शिकवलं. आधी घडी विस्कटायची, गुंता वाढवायचा, आणि मग सुवार्ता अशा ठिकाणी आणायची की ती ऐकाविशी वाटावी. (लोरी जॅझ पियानोवादकही होता. सूर कधी लांबवायचा हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नसणार.) उपदेशशास्त्र शिकवणारे ही नावं घेतात आणि तासानंतर विद्यार्थ्यांना फांद्यांचा प्रोग्रॅम उतरवून घ्यायला सांगतात. दोन्ही गोष्टी एका पिशवीत कशा मावतात, हे मला तरी उमगलेलं नाही.

नुसतं तत्त्व बोलून भागणार नाही. लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय घेऊ. उधळ्या पुत्राचा दाखला. माइंड मॅप काढणारा काय करतो? मधोमध ‘हरवलेला पुत्र’, आणि तीन फांद्या: बाप, धाकटा, थोरला. धाकट्याखाली वाटणी, दूर देश, दुष्काळ, डुकरं, परत येणं. थोरल्याखाली शेत, राग, तक्रार. बापाखाली धावणं, अंगरखा, अंगठी, मेजवानी. दिसायला सुबक आहे, आणि अभ्यासाच्या टप्प्यावर खरोखरच उपयोगी. तिन्ही फांद्या शेजारी आल्या की क्रमाने वाचताना निसटलेलं काही दिसू लागतं. बाप दोनदा घराबाहेर येतो: एकदा धाकट्यासाठी धावत, एकदा थोरल्याची समजूत घालायला. धाकटा दूर देशातच आपलं बोलणं पाठ करतो, मला मोलकऱ्यासारखा ठेवा इथपर्यंत. पण बापासमोर ते शेवटचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण त्याआधीच बाप चाकरांना अंगरखा आणायला सांगतो. आणि इकडे थोरला म्हणतो की इतकी वर्षं मी तुमची चाकरी केली. एकाला मोलकरी व्हायचं होतं, दुसरा मनाने आधीच चाकर झालेला. दोघांनाही आपण पुत्र आहोत हे उमगलेलं नाही. धाकट्याच्या फांदीवरच्या ‘मोलकरी’पासून थोरल्याच्या फांदीवरच्या ‘चाकरी’पर्यंत एक आडवी रेघ ओढली, की त्या आठवड्याच्या उपदेशाचं बीज हाती लागतं. ही रेघ दाखवते म्हणूनच मी नकाशाच्या बाजूने बोलतो.

पण हाच नकाशा व्यासपीठावर नेला की काय होतं पाहा. लूकने थोरल्याला शेवटपर्यंत राखून ठेवलंय. मेजवानी सुरू होते, गोष्ट सुखाने संपली असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि तेवढ्यात शेतातून परतणारा एक माणूस वाद्यांचा आवाज ऐकून अंगणात थबकतो. अध्यायाच्या सुरुवातीला परूशी आणि शास्त्री कुरकुरत उभे होते, त्यांना इथे एकदम स्वतःचा चेहरा दिसतो. मग बाप बाहेर येतो, विनवतो, आणि गोष्ट तुटते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही. दाखल्याची सगळी ताकद या राखून ठेवण्यात आणि या तोडण्यात आहे. नकाशात थोरला ही तीन समान फांद्यांपैकी एक फांदी आहे; तो उशिरा येत नाही, कारण तो पहिल्यापासून तिथेच असतो. प्रोजेक्टरवर तर पहिल्याच मिनिटाला तिन्ही फांद्या झळकतात, आणि थोरला भाऊ अंगणात पोहोचण्याआधीच मंडळीने त्याला पाहून घेतलेलं असतं. एक एक फांदी उघडत जाण्याची सोय आहे, असं यावर उत्तर मिळतं. सोय आहे हे खरं. पण मग तुम्ही चित्राला ओळ बनवताय, म्हणजे मला हवं तेच करताय, फक्त जास्त क्लिक करून.

एका फांदीवर एकच शब्द हा नियम तर उपदेशकाने पहिल्या दिवशी मोडावा. रोमकरांस पत्राचा नकाशा काढून फांद्यांवर ‘कृपा’, ‘विश्वास’, ‘नियमशास्त्र’, ‘पाप’ लिहिलं, तर पौल काय म्हणाला हे त्यात कुठेच नाही. त्याने कशाबद्दल लिहिलं तेवढीच यादी हाती राहते. पौलाचा जीव ‘म्हणून’, ‘तर मग काय’, ‘कधीच नाही’ अशा सांध्यांत आहे, आणि नेमके तेच एकशब्दी फांदीवरून गळतात. कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाकने सत्तरच्या दशकात संकल्पना-नकाशाची जी पद्धत घडवली, तिच्यात या रोगावर औषध आहे. दोन कल्पनांमधल्या रेषेवर शब्द लिहावाच लागतो, आणि कल्पना-रेषा-कल्पना मिळून एक पूर्ण विधान झालं पाहिजे. ‘नियमशास्त्र’ ते ‘पाप’ या रेषेवर ‘उत्पन्न करतं’ लिहायचं की ‘उघड करतं’, यावर अडलात की तुम्ही रोमकरांस पत्राचा सातवा अध्याय वाचायला लागलात म्हणायचं. नोव्हाकच्या पद्धतीसाठी सीमॅपटूल्स नावाचा प्रोग्रॅम फुकट मिळतो. दिसायला जुनाट आहे, म्हणून शिबिरात दाखवत नाहीत.

विरुद्ध टोकाच्या मंडळींनाही दोन शब्द. वही, पेन आणि प्रार्थना एवढं पुरतं, कॉम्प्युटर व्यासपीठाचा घात करतो, असं म्हणणारे वडीलधारे पाळक मला मनापासून आदरणीय वाटतात. त्यांचा युक्तिवाद वाटत नाही. अठराव्या शतकात मॅसॅच्युसेट्समध्ये जोनाथन एडवर्ड्स या उपदेशकाने पानापानांमध्ये कोरे कागद शिवलेलं पवित्र शास्त्र वापरलं आणि त्यात आयुष्यभर पाच हजारांहून अधिक टिपणं केली. त्याच्या इतर वह्याही होत्या, त्यांची सूची होती, आणि एका टिपणातून दुसऱ्याकडे बोट दाखवलेलं असायचं. कागद महाग म्हणून घरातल्या बायका पंखे करत त्यांच्या कापून उरलेल्या तुकड्यांवरही त्याने उपदेश लिहिले. कागदावर एवढा जोडणारा माणूस होता खरा, पण त्याच्यासारखी सूची ठेवणारा आपल्यात कोण आहे? बहुतेकांच्या वह्या कपाटात आहेत आणि ‘मोलकरी’ हा शब्द कुठल्या वर्षीच्या कुठल्या वहीत आला होता, हे कुणालाच सांगता येणार नाही. सॉफ्टवेअर आपला खर्च वसूल करतं ते इथे: शोधण्यात आणि जोडण्यात.

आता निवडीचा प्रश्न नीट विचारता येईल. नकाशा कोण सुंदर काढतो हे विचारूच नका. नकाशातून बाहेर कसं पडता येतं, ते विचारा. शुक्रवारपर्यंत फांद्या, शनिवारी ओळ. ज्या प्रोग्रॅममध्ये त्याच मजकुराकडे एका बटणावर रूपरेषा म्हणून पाहता येतं, मुद्दे वरखाली सरकवता येतात आणि ते वर्डमध्ये नेले तरी पायरीचं अंतर शाबूत राहतं, तो उपदेशकाच्या कामाचा. एक्समाइंडमध्ये रूपरेषेचं दृश्य आहे आणि ते बरं चालतं. फ्रीप्लेन हा फुकट, मुक्त स्रोताचा प्रोग्रॅम आहे, बटणांची दाटी पाहून पहिल्यांदा घाबरायला होतं. पण त्यातली एखादी फांदी कॉपी करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये चिकटवली की उपफांद्या आत सरकून ओळीने उतरतात, आणि तशाच आत सरकवलेल्या ओळी उलट चिकटवल्या की फांद्या होतात. या एका गुणासाठी मी त्याची कुरूपता माफ करतो. माइंडनोड देखणं आहे, पण ॲपलच्या यंत्रांपुरतं. माइंडमायस्टर ब्राउझरमध्ये चालतं, म्हणजे नेट गेलं की तयारी गेली. खेड्यातल्या पाळकाला शनिवारी रात्री याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. फोनवरच काम करणाऱ्यांना सिंपलमाइंड पुरेसं आहे.

देवनागरीची परीक्षा मात्र पैसे भरण्याआधी घ्या, कारण हे प्रोग्रॅम बनवणाऱ्यांच्या ध्यानीमनी आपली लिपी नसते. चार शब्द टाका: ख्रिस्त, क्रूस, पुनरुत्थान, येणाऱ्या. पडद्यावर बहुधा ठीक दिसतील. मग पीडीएफ काढा. ‘ख्रिस्त’मधली पहिली वेलांटी जोडाक्षराच्या आधी न येता मध्येच उभी राहिली, ‘येणाऱ्या’मधला अर्धा र सुटून पडला, ‘क्रूस’चा क आणि र वेगळे झाले, तर तो प्रोग्रॅम छापण्याच्या कामाचा नाही. त्यानंतर त्याच पीडीएफमध्ये ‘पुनरुत्थान’ शोधून पाहा. सापडलं नाही, तर तुमचं टिपण हे नुसतं चित्र आहे आणि शोधण्याची सोय, जिच्यासाठी वही सोडली, तीच गमावली.

फाइलचं म्हणाल तर मराठी उपदेशकाला हा धडा नव्याने द्यायची गरज नसावी. युनिकोड रुळण्याआधी टंकलिहिलेले उपदेश अनेकांकडे आहेत. त्यांचा फाँट नव्या कॉम्प्युटरवर नाही, म्हणून उघडल्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. मजकूर आहे, पण वाचता येत नाही. बंद पद्धतीच्या फाइलमध्ये आणि वर्गणीवर चालणाऱ्या सेवेत तेच पुन्हा होऊ शकतं, फाँटच्या जागी कंपनी येईल एवढंच. फ्रीप्लेनची फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते आणि खुणांच्या जंजाळात का होईना, मजकूर तिच्यात असतो. एक्समाइंडची फाइल आतून झिप असते, तीही फोडता येते. तिसऱ्या प्रोग्रॅमबद्दल हीच चौकशी करा, आणि विकणाऱ्याने उत्तर टाळलं तर त्यालाच उत्तर समजा.

शेवटचा दावा सगळ्यात नवा आहे. उतारा चिकटवा, बटण दाबा, कृत्रिम बुद्धिमत्ता दोन सेकंदांत नकाशा काढून देईल. मी या बटणाच्या विरुद्ध आहे. यंत्र बावळट आहे अशी माझी तक्रार नाही, कधीकधी ते नीट फांद्याही काढतं. पण कार्पिक आणि ब्लंट यांच्या प्रयोगाने जे काही सिद्ध केलं ते आठवण्याच्या आणि अडखळण्याच्या कष्टाबद्दल होतं, आणि हे बटण नेमका तो कष्टच काढून घेतं. ‘मोलकरी’ आणि ‘चाकरी’ यांच्यातली ती आडवी रेघ यंत्राने काढून दिली तर पाळकाला ती माहीत होईल, गवसणार नाही. मंडळीला हा फरक आवाजातून ओळखू येतो. उपदेशक स्पर्जन लंडनच्या मेट्रोपॉलिटन टॅबरनॅकलमध्ये हजारोंपुढे उभा राहायचा तेव्हा हातात एका छोट्या कागदावरचा सांगाडा असायचा, बाकी सगळं डोक्यात मुरलेलं. त्या कागदाची नक्कल कुणीही करील. मुरवणं दुसऱ्याकडे सोपवता येत नाही.

तेव्हा शिबिर घेणाऱ्यांकडे माझी मागणी साधी आहे. रिकाम्या पडद्यावर रंगीत फुलं उमलवून दाखवू नका. लूकचा पंधरावा अध्याय घ्या, मराठीत, आमच्यासमोर नकाशा काढा, त्यातून रूपरेषा काढा, रूपरेषेतून वीस मिनिटांचा उपदेश उभे राहून बोला, आणि थोरला भाऊ योग्य वेळी अंगणात येतो का ते आम्हाला ऐकू द्या. वसईच्या कॅथलिक धर्मग्रामांतही हाच दाखला दर तीन वर्षांनी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी वाचला जातो. वाचनांच्या त्या चक्रात २०२५ हे लूकचं वर्ष होतं, पुढचं २०२८ मध्ये येईल. तोवर तुमचा प्रोग्रॅम असेल का, फाइल उघडेल का, आणि तिच्यातला ‘ख्रिस्त’ शाबूत असेल का, हे आधी सांगा. डॉलरमधल्या वर्गणीचं त्यानंतर बघू.